रविवारचा ट्रॅक्टर आणि हुमणीचं वर्ष

आमच्या शाळेत नव्या मुलांना जुनी मुलं सर्वांत आधी एक बातमी देतात, "अपनी टीचर इतवार को ट्रॅक्टर चलाती है." नवीन मूल माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतं. बघणारच. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. यात ट्रॅक्टर कुठे बसतो?

पण बातमी खरी आहे. रविवारी फज्रची नमाज झाली, चहा झाला, घरच्यांचा नाश्ता झाकून ठेवला की मी साडेसातची एस.टी. पकडते. शाळा तालुक्याच्या गावी, शेत तिथून चौदा किलोमीटरवर, नदीपासून वर माळाच्या अंगाला. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचा ट्रॅक्टर उभा असतो. पस्तीस हॉर्सपॉवरचा, १९९७ साली बँकेचं कर्ज काढून घेतलेला. त्याचा मूळ रंग लाल होता हे आता सांगावं लागतं.

पहिला अर्धा तास मी तो सुरूच करत नाही. बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं पाणी बघायचं, ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवून बघायची, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबायचा. मग ग्रीसगन घेऊन एकेका निपलला दोन-दोन दाब. एअर क्लीनरच्या तळाशी ऑइलची वाटी असते, ती काढून धुवायची. इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ त्या ऑइलमध्ये अडकते. पावसाळ्यात ती वाटी बरेच दिवस स्वच्छ राहते, पण कोरड्या दिवसांत लवकर गाळानं भरते. अब्बा म्हणायचे, "पाऊस किती पडला ते पेपरात कशाला बघता, ही वाटी बघा."

आठवडाभर त्रेचाळीस मुलांचे त्रेचाळीस आवाज ऐकलेल्या माणसाला एकाच आवाजात बसायला मिळणं ही फार मोठी विश्रांती आहे. फण जोडून शेतात उतरलं की मागे वळून तास सरळ पडतंय का एवढंच बघायचं असतं. फोन ऐकू येत नाही. आला तरी घेता येत नाही. कुणाला योगासनं मानवतात, कुणाला भरतकाम. मला हे मानवलं.

एक वर्षाची मुदत

अब्बांनी मला ट्रॅक्टर शिकवला तेव्हा मी दहावीत होते. रिकामं शेत, पहिला लो गिअर, आणि बांधावर उभे असलेले चाचा, "मुलीला हे कशाला?" लग्न झालं, बी.एड. झालं, नोकरी लागली आणि ते सगळं मागे पडलं. २०२१ च्या हिवाळ्यात अब्बा गेले. ट्रॅक्टर वर्षभर तसाच उभा राहिला. बॅटरी उतरली, सीटच्या फोममध्ये उंदरांनी घर केलं.

शेत सगळं मिळून तीन एकर. दोन भाईजानच्या वाट्याचं, एक माझ्या. भाईजान मस्कतला असतात. त्यांचा फोन आला, "ट्रॅक्टर विकून टाकू आणि शेत खंडानं देऊ. तू शाळा सांभाळशील, घर सांभाळशील की हे?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. अम्मीही तेच म्हणत होती. माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मला एक वर्ष द्या. तुमचं दोन एकरही मीच बघते. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

जानेवारी २०२३ मध्ये भाईजानच्या दोन एकरांत सुरू ऊस लावला. माझ्या एकरात पावसाळ्यात सोयाबीन घ्यायचं ठरलं. जुलैपर्यंत ऊस असा होता की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून विचारायचा, बेणं कुठलं. मी रोज एक फोटो मस्कतला पाठवत होते.

मग ऑगस्ट आला आणि पाऊस आलाच नाही. तो ऑगस्ट साधा नव्हता. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पडला. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीला राज्य सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

मी पाणी देत राहिले

ऑगस्टच्या शेवटी उसाच्या एका कोपऱ्यात पानं पिवळी दिसू लागली. शेंड्याकडून नव्हे, सगळं बेटच निस्तेज. मी म्हटलं, तहानलंय. दुसरं काय वाटणार? आभाळ कोरडं, जमिनीला भेगा. विहिरीला पाणी थोडं, आणि लाईट रात्रीची. शाळेतून घरी, घरून यांच्या मागे स्कूटरवर बसून शेतात, रात्री बाराला मोटर सुरू, दोनला घरी, सकाळी सातला परिपाठ. असं दोन आठवडे चाललं. सगळं पाणी मी त्याच कोपऱ्याला पाजलं आणि चांगल्या उसाला तहानलेलं ठेवलं.

दुकानात विचारलं. दुकानदारानं पान न बघता दोन बाटल्या पुढे केल्या, "टॉनिक आहे मॅडम, हिरवंगार होईल." अठराशे रुपये गेले. कोपरा मात्र मोठा झाला. पिवळ्याचं करड्यात रूपांतर झालं, आणि मी मस्कतला फोटो पाठवणं बंद केलं.

शाळेची हिरवळ

उत्तर सापडलं ते शेतात नाही, शाळेत.

आमच्या शाळेच्या दारापासून झेंड्याच्या खांबापर्यंत एक हिरवळ आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ती लावून दिली, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर जीव. सप्टेंबरात तिच्यावर भाकरीएवढे, मग ताटाएवढे गोल करडे डाग पडायला लागले. शिपाई मामू रोज पाइपनं पाणी मारत होते, आणि हिरवळ रोज आणखी वाळत होती. कावळे आणि साळुंक्या सकाळपासून त्या डागांवर येऊन माती उकरायच्या. आम्ही मुलांना पक्षी हाकलायला सांगत होतो!

एका दुपारी सहावीतल्या एका मुलीनं चाळा म्हणून त्या वाळलेल्या गवताची कड धरून ओढली. गवत जाजमासारखं गुंडाळत वर आलं. खाली एकही मूळ नव्हतं. ओल्या मातीत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या अळ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या. मुलगी ओरडली, "टीचर, इधर झिंगे हैं!"

खरंच सोललेल्या झिंग्यासारख्या दिसत होत्या. पांढरट अंग, तपकिरी डोकं, पुढे तीन जोड्या पाय, शेपटीकडचा भाग आतल्या मातीमुळे काळसर. विज्ञानाचा तास तिथेच घेतला. दोरीचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन केला आणि तीन ठिकाणी टाकून मुलांनी अळ्या मोजल्या. अकरा, सात, नऊ. ही हुमणी. आमच्याकडे उन्नी असंही म्हणतात. लहानपणापासून नाव ऐकलेलं, पण ओळख नव्हती.

एका मुलानं शंका काढली, "टीचर, आपल्या खताच्या खड्ड्यातपण अशाच आहेत." त्याही आणून बघितल्या. कागदावर ठेवल्यावर फरक दिसला. खड्ड्यातल्या अळ्या पाठीवर उताण्या होऊन सरकत होत्या. पाठीवर चालणाऱ्या अळ्या वेगळ्या भुंग्यांच्या असतात. त्या कुजकं खातात आणि खत व्हायला मदतच करतात. मुलांनी त्या परत खड्ड्यात सोडल्या. दोषी कोण हे ठरवल्याशिवाय शिक्षा नाही, एवढा धडा त्या दिवशी सगळ्यांना मिळाला, टीचरसकट.

कारण माझ्या डोक्यात तोपर्यंत उसाचा कोपरा उभा राहिला होता.

शाळा सुटल्यावर थेट शेत गाठलं. पिवळं बेट दोन्ही हातांनी धरून जोर लावायला गेले, तर ते एका हातानं उपटून आलं. मुळ्या कुरतडलेल्या, बुडख्याला भोकं. खाली चार अळ्या. शेजारच्या बेटाखाली तीन. बांधावर बसले. दोन आठवडे मी ज्याला पाणी पाजत होते, त्याला पाणी प्यायला तोंडच उरलं नव्हतं.

हुमणीचं वर्ष

कृषी सहायकांना गाठलं, त्यांनी दिलेली पत्रकं वाचली, जुन्या शेतकऱ्यांना विचारलं. जे समजलं ते इथे सांगते, कारण उसाबरोबर भुईमूग, सोयाबीन, ज्वारी, हळद, भाजीपाला आणि घरापुढची हिरवळ, सगळ्यांच्या मुळांवर ही अळी जगते.

हुमणीचा जन्म एका वर्षाचा. मे-जूनमध्ये वळवाचा किंवा मान्सूनचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, रात्री पाला खातात, तिथेच मीलन होतं, आणि पहाटे पुन्हा जमिनीत शिरतात. मादी मातीत चार-सहा इंचांवर एकेक करून पन्नास-साठ अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांत अळी निघते. सुरुवातीला ती मातीतलं कुजकं आणि बारीक तंतुमुळं खाते. दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत गेली की जाड मुळांवर येते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तिचे खाण्याचे महिने. पावसाळा सरला की ती खोल जाऊन मातीचं घर करून कोष करते. थंडीत कोषातून भुंगेरा तयार होतो, पण बाहेर येत नाही. पुढच्या पावसाची वाट बघत निजून राहतो.

शाळेचा उलगडाही यातच झाला. आवारात तीन मोठे कडुनिंब, फाटकावर रात्रभर जळणारा दिवा आणि खाली रोज भिजवलेली मऊ हिरवळ. भुंगेऱ्यांना जेवण, उजेड आणि पाळणाघर एकाच ठिकाणी.

आता कोरड्या हवेचं गणित. हुमणी पाऊस चांगला झालेल्या वर्षीही असते. पण जमीन ओली असली की झाड अर्ध्या मुळांवरही तग धरतं, नवी मुळं फोडतं. पाऊस ओढला की तेच झाड अर्ध्या मुळांनी खोलचं पाणी ओढू शकत नाही आणि कोसळतं. लक्षणं मात्र तहानेसारखीच दिसतात. त्यामुळे आपण आभाळाकडे बघत राहतो आणि जमिनीखाली बघत नाही. वर पाणी दिलं की कोरडेपणामुळे खोल गेलेल्या अळ्या ओलाव्याला वर, मुळांजवळ येतात.

म्हणून पहिली गोष्ट: कोरड्या दिवसांत पीक किंवा गवत ठिगळाठिगळानं पिवळं पडलं, पाणी देऊनही सुधारलं नाही, तर पाइप बाजूला ठेवा आणि खुरपं घ्या. तहान असेल तर सहसा सगळं शेत सुकतं; हुमणी ठिगळं पाडते. एक मीटर चौकोनात वीतभर खोल उकरून बघा. सरासरी एक अळी सापडली तरी पिकात उपाय सुरू करावा, असा सल्ला कृषी खातं देतं. आमच्या उसात पाच-सहा होत्या.

उशिरा आलेली अक्कल

सप्टेंबरात हुमणी कळणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणं. अळी मोठी झालेली, औषधाला दाद कमी. तरी हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. वाळलेली बेटं मुळासकट उपटून खालच्या अळ्या वेचल्या. अम्मी, चाची, दोन मजूर बायका आणि मी, पाच रविवार. अळ्या रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत. उरलेल्या उसाला मेटारायझियम दिलं. ही एक बुरशी आहे, दुकानात भुकटी मिळते. हेक्टरी २० किलो म्हणजे एकरी ८ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून बुडख्याशी टाकायची आणि माती झाकायची. बुरशी अळीच्या अंगावर वाढते. मेलेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवट दिसते. तिला ओल लागते आणि वेळ लागतो. कोरड्या मातीत टाकली तर पैसे मातीतच जातात. म्हणून एक पाळी पाणी देऊन, वाफशावर टाकली. रासायनिक औषधं आहेत, पण ती कृषी सहायकाला विचारून, पिकाचं नाव लेबलवर बघूनच घ्यावीत. टॉनिकच्या दोन बाटल्यांनंतर एवढं शहाणपण आलं होतं.

पाण्याचं रेशनिंगही शिकले. एकाआड एक सरी भिजवली. खालची वाळकी पानं काढून सरीतच अंथरली. पाचटाखाली ओल टिकते. पाण्याचा ताण सोसावा म्हणून दोन टक्के युरिया आणि दोन टक्के पोटॅशची फवारणी दिली. ऊस जगला, वाढला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तोड झाली. अब्बांच्या काळी त्या दोन एकरांत ऐंशी टन निघायचा. मला निघाला शेहेचाळीस.

त्या रात्री भाईजानना सगळं सांगितलं. पाण्याच्या चुकीपासून अठराशे रुपयांपर्यंत, काही न लपवता. नुकसान त्यांच्या दोन एकरांतलं होतं. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "बघू." दोन दिवसांनी फोन आला. "खोडवा ठेवतेस ना? बेण्याचा खर्च तरी वाचेल."

"नाही ठेवत," मी म्हणाले. "खोडवा ठेवला तर ती खालीच राहील. मला शेत पलटायचंय."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "ट्रॅक्टर चालतो का अजून?"

पलटी नांगर आणि बगळे

माझ्या आवडीचं आणि गरजेचं काम एकच झालं, ते त्या एप्रिलमध्ये. दोन फाळांचा पलटी नांगर भाड्यानं आणला. पस्तीसच्या इंजिनाला तो जड जातो, म्हणून घाई न करता, दुसऱ्या लो गिअरवर. दोन एकरांना दोन रविवार लागले. सकाळी लवकर सुरू करायचं, कारण तेव्हा पक्षी भुकेले असतात.

पहिलं तास पडलं आणि मागे बघितलं तर एक बगळा. दुसऱ्या तासाला आठ. तासाभरात बगळे, कावळे, साळुंक्या, कोतवाल, सगळी वरात नांगराच्या मागे. बगळे तर इतके जवळ की फाळ उलटायच्या आत मातीत चोच. जमिनीत निजलेले भुंगेरे वर येत होते आणि एक-एक करून वेचले जात होते. जे सुटले ते उन्हानं भाजले. खोल नांगरट उन्हाळ्यात का करायची हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. ते ट्रॅक्टरच्या सीटवरून बघणं वेगळं. त्या दिवशी एस.टी.त मला शेजारच्या बाईंनी विचारलं, "लग्नाला गेला होतात का? खुशीत दिसताय."

इथे माझ्या बहिणींना एक गोष्ट कळकळीनं सांगते. ट्रॅक्टर चालवा, पण कपडे सांभाळा. रोटाव्हेटर किंवा पंप चालवणारा मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक किंवा बुरख्याची कड त्यात गेली तर "थांब" म्हणेपर्यंत नऊ वळसे पडलेले असतात. मी ओढणी डोक्याला घट्ट बांधून कुडत्यात खोचते, दांड्यावरचं कव्हर असल्याशिवाय रोटाव्हेटर जोडत नाही, आणि इंजिन बंद करून चावी खिशात घातल्याशिवाय मागे जात नाही. मडगार्डवर मुलांना बसवत नाही. स्वतःच्याही नाही, भाच्याच्या हट्टालाही नाही.

मगरिब ते इशा

नांगरट माझ्या शेतापुरती. भुंगेरा उडणारा प्राणी आहे, त्याला सातबारा कळत नाही. शेजारच्या रानातून येऊन त्यानं माझ्या मातीत अंडी घातली की सगळं पाण्यात. म्हणून हे काम गावानं मिळून करायचं असतं.

शेजारच्या रानाचे अण्णा माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांचाही भुईमूग गेला होता. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत चाचांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी देवळाच्या पारावर अण्णांनी. हेच ते चाचा, बांधावरून "मुलीला हे कशाला" म्हणणारे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर फोन, "आले, आले!"

भुंगेऱ्यांची वेळ अगदी ठरलेली. मगरिबची नमाज पढून बाहेर यावं, तोवर जमिनीतून भुर्र भुर्र सुरू. इशापर्यंत झाडं भरलेली. कडुनिंबाखाली जुन्या चादरी अंथरल्या, आकडीच्या काठीनं फांद्या हलवल्या. पाऊस पडावा तसे भुंगेरे पडायचे. मुलं डबे घेऊन तयार, प्रत्येकाचा डबा मोजला जायचा. सगळे रॉकेलच्या पाण्यात. झाडावर सरासरी वीस किंवा जास्त भुंगेरे दिसले तर उपायाची वेळ आली असं समजतात. आमच्या पहिल्या झाडाखाली मुलांनी मोजणंच सोडून दिलं. तीन ठिकाणी प्रकाश सापळे लावले: टोपल्यात रॉकेल-पाणी, वर लोंबता दिवा. नऊ-साडेनऊला दिवे बंद, कारण पुढे रात्रभर बिचारे बाकीचे किडे मरतात. असं पाऊस झाल्यानंतरच्या आठ-दहा रात्री. अंडी घालण्याआधी मारलेली एक मादी म्हणजे पन्नास अळ्या कमी, हा हिशेब चौथीच्या मुलांनाही पाठ झाला.

एक मर्यादा सांगायला हवी. नदीकाठच्या भारी जमिनीत हुमणीची दुसरी जात असते. तिचे भुंगेरे झाडाचा पाला फारसा खात नाहीत, त्यामुळे तिथे झाडं हलवून भागत नाही. तिथे प्रकाश सापळे, नांगरट आणि पीक बदलणं यावर भर द्यावा लागतो.

घरापुढच्या गवतासाठी

शाळेच्या हिरवळीचं काय झालं, हे मुलं विचारतील म्हणून तेही सांगते. मेलेले तुकडे काढले, माती उकरून तीन दिवस पक्ष्यांसाठी उघडी ठेवली. मामूंनी या वेळी पक्षी हाकलले नाहीत. नर्सरीतून पुन्हा महागडं गवत आणण्याऐवजी शाळेमागची हरळी लावली. ती उन्हातान्हात टिकते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, सकाळी, पण खोल मुरेल असं. रोजच्या शिंपडण्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि तीच हुमणीला सोपी. कोरड्या दिवसांत गवत फार बारीक कापत नाही. चार बोटं उंच ठेवलं की आपल्याच मुळांवर सावली धरतं. कच्चं शेण टाकत नाही. जूनच्या त्या आठ-दहा रात्री फाटकावरचा दिवा बंद. कडुनिंब तोडायची सूचनाही आली होती. मुलांनी ती फेटाळली: झाडाचा काय दोष?

बॅटरी

२०२४ च्या पावसाळ्यात भाईजानच्या दोन एकरांतही सोयाबीन घेतलं. सप्टेंबरात पाच ठिकाणी चौकोन उकरले. एका ठिकाणी एक अळी, बाकी चार रिकामे. मी त्या रिकाम्या खड्ड्यांचे फोटो मस्कतला पाठवले. वर्षभरानं पाठवलेले पहिले फोटो, आणि त्यात नुसती माती.

डिसेंबरात भाईजान सुटीवर आले. रविवारी माझ्याबरोबर एस.टी.नं शेतात आले. शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या, एअर क्लीनरची वाटी काढून बघितली, अब्बा बघायचे तशी बोटानं. मी चावी दिली. इंजिन दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. तिसऱ्यांदा लागलं.

ते काही बोलले नाहीत. सोमवारी मी शाळेतून आले तर दारात नवी बॅटरी.

जाण्याच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी उसाला लावायचं का परत?"

"लावू," मी म्हणाले. "पण आधी जूनमध्ये सुटी घेऊन या. मगरिबनंतर बादली धरायला माणूस कमी पडतो."

अम्मी हसली. भाईजाननं कॅलेंडर मागितलं.